बदलापूर वाढते, उल्हासनगरच्या खाटा भरतात

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेला वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. डब्यातून बघणाऱ्याला ही शहरे एकमेकांत मिसळून गेलेली दिसतात. जनगणनेच्या तक्त्यात मात्र तिघांच्या तीन तऱ्हा आहेत. २००१ मध्ये उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ४ लाख ७३ हजार होती. दहा वर्षांनी ती ५ लाख ६ हजार झाली. वाढ जेमतेम ७ टक्के. अंबरनाथ २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर गेले, म्हणजे २४ टक्क्यांनी वाढले. आणि कुळगाव-बदलापूर ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर पोहोचले. दहा वर्षांत ७८ टक्के!

तिघांची बेरीज केली तर या काळात १ लाख ५८ हजार माणसे वाढली आणि त्यातली जवळपास निम्मी, ७६ हजार, तिघांतल्या सर्वांत लहान शहरात वाढली. सरकारी रुग्णालयाच्या नियोजनाचा पेच इथूनच सुरू होतो. कारण या पट्ट्याचे मोठे सरकारी रुग्णालय वेगाने वाढणाऱ्या बदलापुरात नाही. ते वाढ जवळपास थांबलेल्या उल्हासनगरात, कॅम्प तीनमध्ये आहे. मध्यवर्ती रुग्णालय, खाटा २०२.

ते तिथे असण्यात कुणाची चूक नाही. माणसे जिथे होती तिथे ते झाले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच छावणीच्या बराकींमध्ये वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिचे नाव पडले. छावणीचे पाच भाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच म्हणूनच ओळखले जातात. रिक्षावाल्याला पत्ता तसाच सांगावा लागतो. पण शहराचे क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. २०११ च्या मोजणीप्रमाणे तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ३८ हजार माणसे राहत होती. इतक्या दाटीत नवे कुटुंब कुठे मावणार? मग वाढ रुळांच्या कडेकडेने पुढे सरकली. आधी अंबरनाथ, मग बदलापूर, आणि आता वांगणी.

लोकसंख्या वाढली की रुग्ण वाढतात, एवढे कुणालाही सांगता येते. प्रश्न असा असतो की कोणती माणसे वाढली. या तीन शहरांत माणसे तीन वेगवेगळ्या कारणांनी आली, आणि जे कारण घेऊन माणूस येतो ते त्याचे वयही ठरवते.

निर्वासित आला तो सगळे घरदार घेऊन. कडेवरचे मूल आणि काठी टेकणारी आजी एकाच बराकीत उतरली. त्यामुळे अशा वसाहतीला पहिल्या दिवसापासून सगळ्या वयांचे आजार असतात. कारखान्यासाठी आलेला माणूस वेगळा. अंबरनाथला आगपेट्यांचा विमको कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे एमआयडीसीतले रासायनिक कारखाने यांनी लोकांना खेचून आणले. असा माणूस बहुधा एकटा येतो, विशी-तिशीतला असतो आणि बरीच वर्षे आजारी पडत नाही. पडतो तो अपघाताने, भाजून किंवा वायू फुप्फुसात जाऊन. त्याला म्हातारपणाचा वॉर्ड लागत नाही, पण ज्या क्षणी उपचार लागतात त्या क्षणी शल्यचिकित्सक हजर लागतो. बदलापूरला आलेली माणसे आणखी निराळी. मुंबईत, ठाण्यात घर परवडेना म्हणून कर्ज काढून वन बीएचके घेतलेले जोडपे, पदरात एखादे मूल किंवा मूल होण्याच्या बेतात. दोघेही कमावते. काही वर्षांनी गावाकडचे आईवडीलही त्यांच्याकडे राहायला येतात.

म्हणून बदलापूरसारख्या शहराची पहिली मागणी असते ती बाळंतपणाची आणि लसीकरणाची. महाराष्ट्रात जन्मदर आता खूप खाली आला आहे. २०२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे हजार लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १५ जन्म. राज्याच्या सरासरीने बदलापूरच्या २०११ च्या लोकसंख्येला वर्षाला सुमारे २,६०० बाळंतपणे येतात, म्हणजे रोज सात. पण नव्या गृहसंकुलांच्या शहरात तरुण जोडपी सरासरीपेक्षा जास्त असतात. तिथे दर हजारी २० धरला तर आकडा ३,५०० च्या आसपास जातो. माणसे तेवढीच, फक्त वये बदलली की वर्षाला ९०० बाळंतपणांचा फरक पडतो. पूर्वी यातली बरीच घरी झाली असती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि चारातले एक सिझेरियनने. साध्या बाळंतपणाला दोन दिवस खाट लागते, सिझेरियनला त्याच्या दुपटीहून अधिक. जन्मदर घटत असताना प्रसूती वॉर्डात गर्दी का वाढते, याचे उत्तर यात आहे.

यात आपल्या रीतीभातीही येतात. पहिले बाळंतपण माहेरी. बदलापूरच्या सोसायटीत राहणारी मुलगी सातव्या महिन्यानंतर साताऱ्याला किंवा संगमेश्वरला आईकडे जाते आणि तिची खाट तिकडे भरते. उलट उल्हासनगरच्या जुन्या कॅम्पातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुली बाळंतपणाला कॅम्पात परत येतात. दुसऱ्या वेळी मात्र माहेरी जाणे जमत नाही. मोठ्याची शाळा असते, नोकरीतली रजा संपलेली असते. नव्या शहरातली बाळंतपणांची खरी लाट घरे भरल्यानंतर पाच-सहा वर्षांनी का येते, याचे एक कारण हे असावे असे मला वाटते.

या सगळ्याची नोंद कुठे होते, हे पाहिले की आकड्यांवरचा विश्वास जरा डळमळतो. आपल्याकडे १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, माणूस जिथे राहतो तिथे नाही. बदलापूरची बाई कॅम्प तीनमध्ये बाळंत झाली तर ते मूल उल्हासनगरच्या नोंदवहीत जाते. बदलापूरचे आजोबा कळव्याच्या रुग्णालयात वारले तर तो मृत्यू ठाणे महापालिकेच्या खात्यावर पडतो. बदलापुरात सोय जितकी कमी, तितकी बदलापूरची गरज बदलापूरच्या कागदांवर कमी दिसणार. नियोजन करणारा अधिकारी शहरातल्या जन्मांचा आकडा बघून म्हणणार की इथे फारशी मागणी नाही. सोय नाही म्हणून आकडा नाही आणि आकडा नाही म्हणून सोय नाही, अशा चक्रात वाढती शहरे वर्षानुवर्षे अडकून पडतात.

आता खाटांचा हिशेब करून बघू. जिल्हा रुग्णालयांसाठीच्या राष्ट्रीय मानकांनी एक सोपी पद्धत सुचवली होती. वर्षभरात ५० माणसांमागे एकाला भरती व्हावे लागते आणि तो सरासरी पाच दिवस राहतो, असे धरायचे. तिन्ही शहरांची २०११ ची एकत्रित लोकसंख्या ९ लाख ३४ हजार. म्हणजे वर्षाला सुमारे १८,७०० भरती आणि त्यांचे ९३,४०० खाट-दिवस. ३६५ ने भागले की २५६ खाटा येतात. पण २५६ खाटा पुरायच्या तर एकही खाट एकही दिवस रिकामी राहून चालणार नाही. ते शक्य नाही, आणि इष्टही नाही. म्हणून सरासरी ८० टक्के खाटा भरलेल्या असाव्यात असे धरतात. मग गरज निघते ३२० खाटांची.

रिकाम्या २० टक्क्यांकडे लोक उधळपट्टी म्हणून पाहतात. पैशाचा हिशेब करणाऱ्यांनाही ती खुपते. पण रुग्ण रांगेने, ठरावीक अंतराने येत नाहीत. रविवारी रात्री एकदम बारा येतात आणि मंगळवारी तीनच. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो एकाच महिन्यात उसळतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली संगणकावर रुग्णालयाचे प्रतिरूप चालवून संशोधकांनी दाखवले की सरासरी भरणा ८५ टक्क्यांच्या वर गेला की तातडीच्या रुग्णाला खाट न मिळण्याचा धोका दिसू लागतो आणि ९० च्या वर रुग्णालयाला वारंवार आणीबाणी सोसावी लागते. लोकसंख्येतली छोटी वाढ इथे फार महागात पडते. भरणा ७० टक्के असलेल्या रुग्णालयात रुग्ण दहा टक्क्यांनी वाढले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ८८ टक्क्यांवर असलेल्या रुग्णालयात तेवढेच वाढले की जमिनीवर गाद्या पडतात. वाढ तेवढीच, पण एका ठिकाणी ती पचते आणि दुसऱ्या ठिकाणी वॉर्ड कोलमडतो.

३२० ची गरज आणि मध्यवर्तीच्या २०२ खाटा. अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, उल्हासनगरचे कामगार विमा रुग्णालय हेही हिशेबात घ्यायला हवेत. शिवाय सगळे काही सरकारी दवाखान्यात जात नाहीत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी भागातल्या भरती झालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्केच सरकारी रुग्णालयात गेले होते. कागदावर मग सारे ठीकठाक वाटू लागते. पण ९ लाख ३४ हजार ही माणसे २०११ ची आहेत. त्यानंतर बदलापूरच्या पूर्वेला आणि पश्चिमेला किती टॉवर उभे राहिले, हे लोकलच्या दारात उभे राहूनही दिसते. आणि दुसरे म्हणजे मध्यवर्तीच्या दारात येणारा प्रत्येक रुग्ण या तीन शहरांतला असतोच असे नाही.

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर आत बसलेला माणूस तीन गोष्टी विचारतो: नाव, वय, पत्ता. मागची रांग पुढे ढकलत असते, कुणाच्या हातात आधीचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले असतात, आणि पत्ता सांगताना रुग्ण नुसते गावाचे नाव सांगतो. मुरबाड. शहापूर. कर्जत. सर्पदंश झालेला शेतमजूर, रक्त कमी असलेली कातकरी गरोदर बाई, तालुक्याच्या दवाखान्याने रेफर केलेले कमी वजनाचे बाळ. या माणसांची मोजणी उल्हासनगरच्या लोकसंख्येत नाही, अंबरनाथच्या नाही, बदलापूरच्याही नाही. पण खाट याच रुग्णालयाची लागते. शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा पट्टा पालिकेच्या हद्दीवर संपत नाही. जिथून शेवटची एसटी आणि जिथून १०८ ची गाडी वेळेत पोहोचू शकते तिथवर तो पसरतो. रस्ता सुधारला की रुग्णालयाची लोकसंख्या वाढते, त्या वर्षी एकही मूल जन्मले नाही तरी. तीन ओळींच्या त्या केसपेपरमधली तिसरी ओळ, पत्त्याची, ही नियोजनासाठी सर्वांत मोलाची माहिती आहे. महिन्याच्या केसपेपरांचे पत्ते गावनिहाय मांडले तर रुग्णालयाची खरी हद्द नकाशावर उमटेल.

रुग्ण कुठल्या दारात जातो, यात पैशाचाही मोठा वाटा आहे. त्याच नमुना पाहणीत एका भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला होता. सातपट. घराचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला हा फरक काय असतो, ते वेगळे सांगायला नको. नोकरी असते तोवर ते कुटुंब जवळच्या नर्सिंग होममध्ये जाते. कंपनी बंद पडली, कंत्राट संपले की तेच कुटुंब केसपेपरच्या रांगेत उभे राहते. कामगार विम्याचे संरक्षणही महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच आहे, आणि ज्याची नोंदच नाही अशा कंत्राटी माणसाला तेही मिळत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. केसपेपरचे पैसेही बंद झाले. निर्णय चांगलाच होता, माझ्या मते तो आधीच व्हायला हवा होता. पण अशा निर्णयाने रुग्ण वाढतात ते लोकसंख्येमुळे नव्हे. आजार अंगावर काढणारी माणसे आधीपासून होतीच. ती आता दिसू लागतात. ज्या रुग्णालयात मनुष्यबळ तेवढेच ठेवून दार मोफत उघडले जाते, तिथे सिस्टरना हा निर्णय वाढलेल्या गर्दीच्या रूपाने भेटतो.

काही आजारांत तर डोकी मोजून काहीच कळत नाही. उल्हासनगरचे उदाहरण घ्या. थॅलेसेमियाचे वाहक सिंधी समाजात देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आढळतात, हे वैद्यकाला बऱ्याच काळापासून माहीत आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तीन आठवड्यांचे अंतर धरले तर वर्षाला सतरा वेळा, जन्मभर. समजा शहरात अशी साठ मुले आहेत. पाच लाखांच्या वस्तीत साठ म्हणजे नजरेत न भरणारी संख्या. पण रक्तपेढीला आणि वॉर्डाला वर्षाला हजारावर वेळा सज्ज राहावे लागते. आता दुसरी बाजू पाहा. पूर्वी ही मुले लहानपणीच दगावत. रक्त नियमित मिळू लागले, शरीरात साठणारे लोह काढणारी औषधे आली, आणि ती मोठी होऊ लागली, कामाला लागली, त्यांची लग्ने होऊ लागली. उपचार यशस्वी झाले म्हणून खाटांची मागणी वाढली. त्याच वेळी लग्नाआधी किंवा गरोदरपणात साधी रक्ततपासणी झाली तर पुढच्या पिढीत हे दुःख आणि ही मागणी दोन्ही कमी होतात. ज्या शहरात वाहक जास्त आहेत तिथे ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची व्हायलाच हवी. यात कुणाला काही वाटून घेण्यासारखे नाही. रक्तदाब मोजावा इतकी ती साधी गोष्ट आहे.

डायलिसिसचे गणितही असेच आहे. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. एका यंत्रावर रोज तीन पाळ्या आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर एका यंत्राला फक्त सहा रुग्ण पुरतात. सातवा रुग्ण आला की नवे यंत्र, नवा तंत्रज्ञ. मधुमेह आणि रक्तदाब वयाबरोबर वाढत जातात, म्हणून वय वाढलेल्या शहरात लोकसंख्या स्थिर असूनही यंत्रे कमीच पडत राहतात. उल्हासनगरची लोकसंख्या दहा वर्षांत सातच टक्के वाढली म्हणून तिथल्या गरजाही सातच टक्के वाढल्या असतील, असे मानणे म्हणूनच धोक्याचे.

बदलापूरच्या बाबतीत मागणी झाकून ठेवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे घड्याळ. मुंबईचे सीएसएमटी बदलापूरपासून ६८ किलोमीटरवर. सकाळची गाडी पकडणारा माणूस रात्री घरी येतो. ओपीडीची मुख्य वेळ सकाळची. त्याने रक्तदाबाची गोळी आणायची कधी? एक दिवसाची रजा टाकून. रोजंदारीवाल्याला रजा म्हणजे खाडा. मग तो जातच नाही, आणि काही वर्षांनी पक्षाघात होऊन रात्री दोन वाजता अपघात विभागात आणला जातो. ओपीडीच्या वहीत ज्याची कधी नोंद झाली नाही असा हा रुग्ण पुढे अतिदक्षता विभागाची खाट आठवडाभर अडवतो. लोकलने कामाला जाणाऱ्यांच्या शहरांत संध्याकाळी सात ते दहा चालणारे दवाखाने हीच माझ्या दृष्टीने सर्वांत स्वस्त खाट आहे.

मग खाटा का वाढत नाहीत? माणसाला बदलापूरला यायला एक ट्रक आणि एक रविवार पुरतो. खाटेला आधी जागा लागते, मग प्रशासकीय मंजुरी, निधी, इमारत. आणि इमारत झाली तरी खाट तयार होत नाही; तिच्यामागे पदे मंजूर व्हावी लागतात. शंभर खाटांचा वॉर्ड घेतला आणि प्रत्येक पाळीत सहा खाटांमागे एक परिचारिका धरली, तर एका पाळीला सतरा, तीन पाळ्यांना एक्कावन्न. साप्ताहिक सुट्टी, रजा, बाळंतपणाची रजा मिळवली की सत्तरच्या घरात जातात. त्यातली वीस पदे रिक्त राहिली तर शंभर खाटांच्या फलकाखाली प्रत्यक्षात सत्तर खाटांचीच देखभाल होते. म्हणून 'खाटा किती' या प्रश्नाला जोडून 'पदे भरलेली किती' हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

जेव्हा जागाच उरत नाही तेव्हा कागदावर एक शब्द लिहिला जातो: रेफर. बदलापूरहून उल्हासनगर, तिथून कळवा, तिथून सायन, केईएम किंवा जेजे. मागणी अशी रुळाच्या कडेने मुंबईकडे ढकलली जाते आणि साखळीतल्या मधल्या रुग्णालयावर येऊन साठते. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले आणि राज्य हादरले. चौकशीसाठी समिती नेमली गेली. ५०० खाटांचे हे रुग्णालय एका महापालिकेचे, पण रुग्ण साऱ्या जिल्ह्यातून येणारे, त्यातले कितीतरी फार उशिरा पोहोचलेले. प्रत्येक टप्प्यावर दोन-चार तास गेले की शेवटच्या रुग्णालयाच्या हाती थोडेच उरते. त्या अठरा घरांना आकड्यांची ही मीमांसा काय कामाची, हे मला कळते. पण त्या घरांत आणखी भर पडू नये म्हणून ती करावी लागते.

नव्याने वसलेल्या शहराला रुग्णालय उशिरा मिळणे हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स हे शहर १९६७ मध्ये सरकारने ठरवून, आराखडे करून वसवायला घेतले. रस्ते आले, घरे आली, तरुण कुटुंबे आली. रुग्णालय नव्हते. 'मिल्टन कीन्स रुग्णालयावाचून मरते आहे' अशा अर्थाची मोहीम रहिवाशांना चालवावी लागली, तेव्हा १९८४ मध्ये ते उघडले. सतरा वर्षे. आपल्याकडची स्थिती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीने मोजली होती. १९४६ च्या तिच्या अहवालानुसार देशात हजार माणसांमागे पाव खाटही नव्हती, आणि दहा वर्षांत ती एकपर्यंत न्यावी असे समितीचे म्हणणे होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे उद्दिष्ट हजारी दोन खाटांचे आहे. त्या मापाने २०११ च्याच लोकसंख्येला या पट्ट्यात सरकारी आणि खासगी मिळून १,८०० हून अधिक खाटा हव्यात.

या पार्श्वभूमीवर अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहायला हवे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत ते एक. प्रवेशक्षमता १००. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय लागते. मध्यवर्तीच्या दुपटीहून जास्त, आणि वाढत्या बाजूच्या एक स्थानक जवळ. या पट्ट्याच्या आरोग्याच्या नकाशात इतका मोठा बदल दीर्घकाळ झालेला नाही.

पण त्या खाटा आल्यावर मध्यवर्तीतली गर्दी निम्म्यावर येईल अशी आशा कुणी धरू नये. अमेरिकेत मिल्टन रोमर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णालयांचे आकडे तपासून सांगितले होते की खाट बांधली की ती भरते. त्यांचा रोख विम्याचे पैसे मिळतात म्हणून गरज नसताना भरती करण्याकडे होता. आपल्याकडे ती वेगळ्या कारणाने भरेल. गुडघा धरून चालणारी बाई, हर्नियाचा पट्टा बांधून ओझी वाहणारा हमाल, मोतीबिंदू पिकू देणारे आजोबा इतके दिवस घरीच बसले होते. पहिल्या दोन-तीन वर्षांचे आकडे फुगलेले दिसतील. त्यावरून नियोजन फसले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. साठून राहिलेली गरज तेवढी होती, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागेल.

त्या ४२० खाटांपैकी कोणत्या विभागाला किती द्यायच्या, हे आजच्या गर्दीवरून ठरवणे पुरेसे नाही. २००५ मध्ये तिशीत असताना बदलापूरला घर घेतलेले जोडपे २०३५ मध्ये साठीचे होईल. एकाच दशकात आलेली माणसे एकदमच म्हातारी होतात. वेगाने वसलेल्या प्रत्येक शहराच्या वाट्याला हे येते. ज्यांची बाळंतपणे गेल्या वीस वर्षांत झाली त्यांनाच पुढच्या वीस वर्षांत हृदयविकार, मोडलेले खुबे, डायलिसिस आणि कर्करोग यांसाठी खाटा लागणार आहेत. मुले तोपर्यंत पुण्याला नाहीतर परदेशात गेलेली असतील, म्हणजे घरी सोडल्यावर बघणारे कुणी नाही म्हणून डिस्चार्जही लांबतील. प्रसूती विभागाच्या भिंती पुढे सरकवता येतील अशा बांधाव्यात, असे मी सुचवीन.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे वॉर्डनिहाय आकडे हाती येईपर्यंत २०११ चेच आकडे वापरात राहतील, सोळा वर्षांहून जुने. तोवर हातात काहीच नाही असे मात्र नाही. जन्मनोंदणीच्या अर्जातल्या सांख्यिकी भागात आईचे नेहमीचे राहण्याचे गाव विचारलेले असते. म्हणजे कॅम्प तीनमध्ये जन्मलेले मूल बदलापूरचे आहे हे कागदावर आहेच. उल्हासनगर, कल्याण आणि ठाण्याच्या नोंदींतून तेवढा एक रकाना दर तिमाहीला वेगळा काढून अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदांना दिला, त्याच्या शेजारी केसपेपरवरचे पत्ते, नवी वीजजोडणी, महारेराकडे नोंदलेल्या इमारती आणि शाळेतले पहिलीचे प्रवेश मांडले, तर कुठल्या प्रभागात पुढच्या वर्षी लसीकरणाचे सत्र वाढवायचे आणि कुठे संध्याकाळचा दवाखाना उघडायचा हे जनगणनेची वाट न पाहता ठरवता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. तीन कार्यालयांतल्या कारकुनांना दर तीन महिन्यांनी एक तक्ता भरून पाठवण्याचा आदेश पुरेसा आहे.